अंदमानला मगर बघायचीय? मग आधी हे वाचा

आपली लोकं अंदमानला जातात, सेल्युलर जेल बघतात, हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा करतात आणि परत आल्यावर म्हणतात मगर काय दिसली नाही बुवा. अहो दिसेल कशी, आपण चिपळूणच्या वाशिष्ठीतली मगर डोक्यात ठेवून शोधत असतो. ती गोड्या पाण्यातली. अंदमानची खाऱ्या पाण्यातली, जातच वेगळी, मोठा नर सहा मीटरपर्यंत जातो आणि जिभेवरच्या ग्रंथींतून अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकतो, त्यामुळे खाडीतून समुद्रात आणि समुद्रातून पार दुसऱ्या बेटावरसुद्धा जाऊ शकतो. म्हणजे "मगर खाडीत असते, बीचवर कशाला येईल" हे इथे चालत नाही. 2010 मध्ये हॅवलॉकला राधानगर बीचजवळच स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी बाईचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला.

म्हणून बघण्याच्या आधी हे पाळा. ओहोळ किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरू नका, गुडघाभर पाणी असलं तरी नाही. संध्याकाळनंतर तर अजिबातच नाही. जेट्टीच्या कडेला वाकून हात धुणं, मासे साफ करून घाण तिथेच टाकणं, बोटीतून पाण्यात हात सोडून बसणं, हे सगळं बंद. काही बीचवर जाळी लावलेला भाग असतो, पोहायचं तर तिथेच. बोर्ड असेल तर तो खरा समजा, आणि पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता बघायचं कसं. बाराटांग बेटावर निलांबूर जेट्टीवरून चुनखडीच्या गुहांकडे बोट जाते, ती कांदळवनातून जाते. जाताना नावाड्याला ओहोटी कधी आहे ते विचारा, कारण ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात आणि थंडीच्या दिवसात सकाळी मगर तिथे ऊन खायला येते. भरतीला तोच काठ पाण्याखाली, मग काय दिसणार. स्पीडबोट जोरात असते म्हणून वळणावर जरा हळू घ्या म्हणून सांगायचं. नजर काठावर ठेवा, मधल्या पाण्यावर नको. चिखलात वरून खाली घसरत गेल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसला की तिथेच आसपास बघा. मला पहिल्यांदा दिसली ती मी आधी ओंडका समजलो, राखाडी चिखल वाळून भेगा पडलेला, आणि मग त्या ओंडक्याच्या डोळ्यावरून एक पारदर्शक पडदा आडवा सरकला! तोंड उघडं ठेवून पडली असेल तर ती चिडलीय असं नाही, अंग थंड करतेय. पण पावसाळ्यात ती कांदळवनात पालापाचोळ्याचा ढीग करून अंडी घालते आणि मादी राखणीला बसते, तेव्हा काठाला बोट लावायचा हट्ट धरू नका.

मगर नाहीच दिसली तरी हिरमुसू नका. नारळाच्या, केळीच्या झाडांवर हिरवीगार पाल बघा, पाठीवर लाल ठिपके, आपल्या घरातल्या पालीसारखी रात्रीची नाही तर भर दिवसा फिरणारी, आणि गंमत म्हणजे हिचे जवळचे नातेवाईक मादागास्कर-मॉरिशसकडे. किनाऱ्याच्या खडकात काळे पट्टे आणि वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला साप दिसला तर तो समुद्रसाप, खाल्लेलं पचवायला वर येतो. स्वभावाने गरीब पण विष जहाल, त्यामुळे फोटो लांबूनच, सेल्फी तर नकोच.

आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर दिगलीपूरजवळच्या कालीपूरला एक रात्र नक्की काढा. आपल्या वेळासला येतं ते ऑलिव्ह रिडले कासव इथेही अंडी घालायला येतं, आणि नशीब असेल तर लेदरबॅकसुद्धा. वनखात्याच्या माणसाबरोबरच जा, टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, आणि कासव वर चढत असताना समोर उभं राहायचं नाही, ते घाबरून अंडी न घालताच परत फिरतं. अंडी घालायला लागलं की मग मागून, हळू, खाली बसून बघा.