पाड्यातल्या पोरांचा ग्रुप काढताय? आधी रविवार वाचवा

मुंबईच्या आरेत नाहीतर नॅशनल पार्कातल्या पाड्यावर वाढलेल्या, आता कॉलेजात असलेल्या आणि 'आपल्या पोरांसाठी काहीतरी करूया' म्हणणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहितेय. वाघोबा देव कोण, तारपा कसा वाजतो, कुठल्या ओढ्याला खेकडे मिळतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! पोरांना घेऊन जंगलात फिरणंही जमेल. अडतं ते रविवारी.

नीट सांगते, कारण आमचा पोरांच्या जंगलफेरीचा ग्रुप इथेच मोडता मोडता राहिला. आठवडाभर आयाबाया घरकामाला, बाप्ये नाक्यावर, पोरं शाळा-क्लासला. सगळे एकत्र पाड्यावर सापडतात ते रविवारी सकाळी. आणि शहरातल्या लोकांनाही निसर्गफेरीसाठी नेमकी तीच सकाळ हवी असते. ते पैसे देतात, कौतुक करतात, फोटो काढतात. सुरुवातीला वाटतं, महिन्यातून एक फेरी त्यांची घेऊ, त्या पैशांत पोरांच्या वह्या येतील. मग त्यातल्या एकाच्या ओळखीने दुसरी फेरी, मग एखाद्या कंपनीचा कार्यक्रम, मग एखादी मोठी शाळा. पावसाळा लागला की सगळे रविवार भरले. पाड्यातली बारकी पोरं आधी विचारतात, "ताई, आज आपली फेरी हाय का?" मग विचारायची बंद होतात. यात कुणाची लबाडी नसते, म्हणून तर ते ध्यानात येत नाही. पैसा घरी लागतो, आपल्यालाही फीसाठी लागतो.

रविवार गेला की पाठोपाठ आपलं शिकवणंही बदलतं. नवं भात आलं की वाजायचा तो तारपा ऐन जूनमध्ये 'पाच मिनिटं वाजवून दाखवा' म्हणतात. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं ते चित्र, जो सवासणी धवलेरीच्या, लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांसोबत लिहितात, तो अर्ध्या तासात कागदावर हवा असतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यामुळे मागणी आहेच. वारली चित्र विकावं, जरूर विकावं. पण आपल्याच पाड्यातल्या पोरीला चौकातली पालघट देवी कोण हे माहीत नसेल, तर आपण शिकवलं कुणाला?

म्हणून महिन्यातले निदान दोन रविवार फक्त पाड्याच्या पोरांचे ठेवा आणि ते आधीच पाड्यात सगळ्यांना सांगून टाका. कितीही मोठी संस्था आली तरी ते रविवार द्यायचे नाहीत. 'एवढ्या वेळी चालवून घ्या' म्हणतील. चालवून घेऊ नका. एकदा दिला की तो दिवस परत मिळत नाही.

आता मार्गदर्शकांबद्दल. दोन दिवसांचं लीडरशिप शिबिर आणि प्रमाणपत्र यांच्यामागे धावू नका, त्याने पोरांपुढे उभं राहायला येत नाही. माझ्या मते पहिली गुरू पाड्यावरची आजीच. शेवळं घ्या. पुस्तकात 'पहिल्या पावसानंतर येणारी रानभाजी' एवढंच असतं. आजी कोंब हातात घेऊन वरचं आवरण सोलते, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून बाजूला टाकते, नाहीतर घसा खवखवतो. मग काकडं, म्हणजे काकड झाडाची फळं, ठेचून त्यांचा आंबट रस घालते. काकडं नसतील तर बोंडाऱ्याचा पाला. हे सगळं ती बोलत बोलत करते, आणि शेजारी बसलेल्या पोराला आपोआप कळतं की हे रान खायला देतं, पण त्याची रीत पाळावी लागते. एका संस्थेने आमच्या आज्यांकडून अशीच माहिती घेऊन देखणी पुस्तिका काढली, त्यात एकीचंही नाव नव्हतं. मला अजून त्याचा राग आहे. तेव्हापासून फेरीच्या पैशातला वाटा आजीला आणि तिचं नाव सगळ्यांत आधी, हा आमचा नियम आहे. शास्त्रीय नावं शिकायची असतील तर गोरेगावला बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) केंद्र आहे, तिथे जरूर जा. मात्र आजीकडे बसून झाल्यावर.

काही गोष्टींत हयगय नको. नॅशनल पार्काच्या हद्दीत काहीही तोडायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे लागू आहे, आणि केस पोरांच्या नावावर होईल. अंधार पडायच्या आत सगळी पोरं घरी. २०२२ च्या दिवाळीत आरेत बिबट्याने तान्ही मुलगी नेली, हे विसरू नका. वाघोबाला आपण मानतो, म्हणून तर त्याच्या वेळा पाळायच्या. बिबट्या वस्तीजवळ दिसला तर वनखात्याचा १९२६. साप चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, भगताकडे वेळ घालवणं नाही. १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय.

आणि पोरांचं मन. खोलीत गोल बसवून 'तुला कसं वाटतं' विचारलं तर आपली पोरं खाली बघतात. ओढ्याकाठी चालताना मात्र एखादा हळूच सांगतो, की घरी बाप पिऊन मारतो, की बारावी सोडावीशी वाटते. तेव्हा उपदेश करू नका, फक्त सोबत चाला. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्यासोबत बसून लावा.

पहिल्या वर्षी चार-पाचच पोरं येतील, घाबरू नका. २०२४ ला कारवी, आठ वर्षांनी एकदा फुलणारं आपल्या रानातलं झुडूप, फुलली तेव्हा आमच्यातली बरीच पोरं पहिल्यांदाच ती बघत होती. पुन्हा फुलेल २०३२ ला. आज दहा वर्षांचं असलेलं पोर तेव्हा फेरी नेण्याएवढं झालेलं असेल. तुम्हाला तेवढा वेळ आहे.

स्वतःचं करिअर बुडवून हे करू नका. वनरक्षक भरतीकडे लक्ष ठेवा, धावायचा सराव आत्ताच लावा. जात पडताळणीला १९५० च्या आधीचे पुरावे मागतात आणि आपल्यापैकी कितीतरी जणांचं तिथेच अडतं, तेव्हा आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जुने सातबारे आजपासून शोधा. आज्यांशी बोलताना घरातली जुनी नावं, गावं लिहून घेतलीत तर दाखला कुठल्या गावात शोधायचा ते कळेल.

जूनमध्ये सुरू करणार असाल तर मे महिन्यातच आजीला विचारून ठेवा. शेवळं थोडेच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत तीही विकायला बाजारात बसलेली असते.