पाखरं धरणावर उतरण्याआधी

घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या धुवायला निघतात, त्याच आठवड्यात मी कोंबड्यांच्या शेडचं काम काढतो. दिवाळीनंतर उजनी धरणाचं पाणी मागे सरतं, काठचा चिखल उघडा पडतो आणि पाहुणे उतरायला लागतात. आधी चक्रवाकाच्या जोड्या आणि थापट्या बदकं, मग थंडी धरली की हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. भिगवणला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते ती यांच्यासाठीच. माझ्याकडे दोनशे गावरान कोंबड्या, दोन म्हशी आणि एक कुत्रं. मला पाखरं बघायला आवडतात, पण शेड बंद केल्यावर.

आधी एक सांगतो. 2005 च्या मे महिन्यात चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूनं हजारो पाणपक्षी मेले, त्यात पट्टकदंब सगळ्यात जास्त. पुढच्याच फेब्रुवारीत आपल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तेव्हापासून थंडीत काठावर काही मेलं की पोरं सुतळी बॉम्ब घेऊन धरणाकडे पळतात. अरे बाबांनो, हाकललेलं पाखरू मरत नाही, पलीकडच्या गावाच्या तळ्यावर जाऊन बसतं. रानबदकाच्या पोटात विषाणू असला तरी ते बऱ्याचदा ठणठणीत दिसतं आणि विष्ठेतून तो पाण्यात सोडत राहतं. ते कधी माझ्या शेडमध्ये येत नाही. येतो तो कावळा, येते ती चिमणी, नाहीतर मीच चपलेला चिखल लावून येतो. म्हणून माझी सगळी तयारी धरण ते शेड या मधल्या वाटेची आहे.

सगळ्यात आधी पाणी. तीन वर्षांपूर्वी पाण्याची भांडी अंगणात उघडी असायची. एका सकाळी पाहतो तर कावळ्यानं कुठूनतरी कोंबडीचं आतडं आणून भांड्यात भिजत घातलेलं. वाळकी भाकरी भिजवतो तसंच. हे आतडं कुठल्या दुकानामागच्या उकिरड्यावरचं, मेलेल्या कोंबडीचं की कापलेल्या, कोण सांगणार? ते पाणी ओतून दिलं आणि त्याच दिवशी भांडी छपराखाली घेतली. आता धरणाचं, कालव्याचं किंवा शेततळ्याचं पाणी कोंबड्यांना देत नाही, बोअरचंच देतो. टाकीला झाकण आहे की नाही ते वर चढून बघा, खालून बघून समजत नाही. आमच्या झाकणाला गेल्या वर्षी हातभर फट होती. थंड पाण्यात हा विषाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. ऊन आणि साबण मात्र त्याला सोसत नाही, म्हणून भांडी रोज घासून उन्हात पालथी घालायची.

मग जाळी. कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेल्या मोठ्या भोकांच्या जाळीतून चिमणी आरामात आत येते. अर्धा इंची जाळी महाग पडते, पण निदान खाद्याच्या बाजूला तरी तीच लावा. छपराचे पत्रे आणि भिंत यांच्यामधली फट पोत्यानं बुजवू नका. पोतं उंदीर कुरतडतो आणि मग त्याच वाटेनं चिमण्या. खाद्य सांडलं की लगेच झाडायचं. पाखरांना आमंत्रण तेच देतं. म्हशींच्या पेंडीचं पोतंही याच हिशोबात. पारवे वर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जंतू खाद्यात उतरतो. पारव्यांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडली तर धूळ माणसाच्या छातीत जाते, म्हणून आधी पाणी शिंपडा, तोंडाला रुमाल बांधा, मग खरवडा.

गावरान कोंबडी मोकळीच चांगली, हे मलाही मान्य आहे. पण डिसेंबर-जानेवारीत धरणकाठी सोडणं बंद. बदकं पाळत असाल तर त्यांचं खुराडं वेगळं, पाणीही वेगळं. आमच्या शेजारच्या काकूंची बदकं दिवसभर काठावर हिंडून संध्याकाळी कोंबड्यांच्या डालग्याशेजारी झोपायची. मी दोनदा सांगितलं. "अरे, इतकी वर्षं काही झालं नाही," म्हणाल्या. तिसऱ्यांदा काही बोललो नाही, जाळीचा उरलेला तुकडा नेऊन दिला. तो लागला.

आता चपला. शेडच्या दाराशी खिळ्याला एक जोड टांगलेला असतो, तो फक्त आतच घालायचा. उंबऱ्यात पसरट घमेलं, त्यात जंतुनाशकाचं पाणी. ते रोज बदला, चिखल साचलेलं पाणी असून नसल्यासारखं. दाराबाहेर चुना. कॅमेरेवाले पाहुणे धरणावरून येतात आणि "काका, गावरान अंडी मिळतील का, जरा कोंबड्या बघू का?" म्हणतात. अंडी मी घरातूनच आणून देतो. अंड्यांच्या ट्रेचा धडा मात्र महागात शिकलो. एका व्यापाऱ्यानं दुसरीकडून फिरून आलेले पुठ्ठ्याचे ट्रे दिले, एका कोपऱ्यात वाळलेली विष्ठा चिकटलेली. फुकट म्हणून मी ते शेडमध्येच ठेवले. आठवड्याभरात हिरवी हगवण, माना पिरगळलेल्या, एकेक पाय ओढत चाललेली. मानमोडी, म्हणजे राणीखेत, बर्ड फ्लू नव्हे. त्या मरतुकीत निम्मं खुराडं रिकामं झालं, आणि त्या दिवसांत धरणावर एकही पाहुणा पक्षी आलेला नव्हता.

मानमोडीला लस आहे, ती चुकवायची नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा डोळ्यात, सहा-आठ आठवड्यांचं झालं की आरटूबी टोचून. लस बर्फातून आणायची आणि डब्यातला बर्फ विरघळला असेल तर परत द्यायची, लाजायचं नाही. एच5एन1 साठी मात्र आपल्याकडे अशी लस देत नाहीत, म्हणून तर वरचा सगळा खटाटोप.

जुन्या वहीत एक पान कोंबड्यांच्या मोजणीचं. रोज किती, किती अंडी, किती गेल्या. ही वही दोन कामांना येते. अंडी एकदम कमी झाली की दुखणं मरतुकीच्या आधी दिसतं. दुसरं, सरकारी भरपाई रोग पसरू नये म्हणून मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आपोआप मेलेल्यांची नाही. उशीर केला की दोन्हीकडून जातं. एका दिवसात दोन-तीन गेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, किंवा झाडाखाली कावळे मरून पडलेले दिसले, तर मी 1962 या जनावरांच्या हेल्पलाईनवर फोन लावतो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातही कळवतो. कावळ्यांकडे डोळेझाक नको. 2025 च्या जानेवारीत उदगीरला आधी कावळेच मेले होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल येईपर्यंत कोंबडी, अंडी, खाद्य, खत काहीच हलवायचं नाही. खरं निघालं तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्यावर हेच झालं.

मेलेली कोंबडी कापून बघायची नाही, कुत्र्याला टाकायची नाही. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले, तिथे माझं कुत्रं काय. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला मास्क, नंतर साबणानं हात. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण 2021 मध्ये हरियाणाचा एक मुलगा दिल्लीत दगावला. म्हणून आजारी पक्षी हाताळल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला किंवा लाल डोळे आले तर डॉक्टरला नुसता ताप सांगू नका, कोंबड्यांचंही सांगा. नीट शिजलेल्या कोंबडीला आणि अंड्याला घाबरायचं कारण नाही, 70 अंशांना विषाणू मरतो. आमच्या घरी फक्त अर्धकच्चं ऑम्लेट बंद आहे. दूधही उकळूनच, आता 2024 पासून अमेरिकेत तो गायींतही निघालाय.

विदर्भात भाताच्या शेतात बगळे असतात, तिथली यादी आणखी एक ओळ लांबते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, डास तो माणसापर्यंत आणतो. डुकरं घरापासून लांब, मच्छरदाणी आणि मुलांची लस.

हे सगळं दसऱ्यापर्यंत उरकतं. या वर्षी राहिलंय ते एकच, नातवाच्या मापाची चप्पल. तो खिळ्यावरची माझी घालून फटक फटक करत आत जातो आणि परत येताना तिच्यासकट बाहेरच्या चिखलात उतरतो.