जुन्या वस्तू दुरुस्त करताय? या चुका टाळा

चिनी मातीची फुलदाणी फुटली की पहिला हात जातो सुपरग्लूकडे. हा गोंद काही सेकंदांत पकडतो, त्यामुळे तुकडा केसभर तिरका बसला तरी सरळ करायला सवड मिळत नाही. पाच-सहा सांधे असे जरा-जरा चुकले की फरक साठत जातो आणि शेवटचा तुकडा जागेत शिरतच नाही. मग काढली जाते कानस! तुकड्याची कड घासून तो कसाबसा कोंबतात. घासलेली कड परत येत नाही. पुढे जुने सांधे सोडवून कुणी कितीही निगुतीने जोडलं तरी तिथे फट राहणारच.

गोंदाचं झाकण उघडण्याआधी सगळे तुकडे कोरडेच जुळवा. बुडापासून सुरुवात करा, सांध्यांवर आडव्या टेपच्या पट्ट्या ताणून लावा, पट्ट्यांवर क्रमांक टाका. (सोनेरी नक्षीवर किंवा सुटत्या रंगावर टेप नको, रंग टेपसोबत येतो.) कोणता तुकडा आधी बसवला की दुसऱ्याची वाट अडते, ते इथेच कळतं. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी तुकडे डब्यात ठेवून द्यावेत, ते बरं.

गोंद म्हणून पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) घ्या, ॲसिटोनमध्ये विरघळवून, वजनाने साधारण निम्मं-निम्मं. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही. एकाच कडेवर बारीक रेघ ओढा, दाबा, आणि वाळूच्या ट्रेमध्ये असं रोवा की वरच्या तुकड्याचा भार सांध्यावर सरळ खाली येईल. कच्च्या भाजणीची माती गोंद पिऊन टाकते. तिच्या कडांना आधी याच गोंदाचं पाच-दहा टक्क्यांचं पातळ द्रावण लावून वाळू द्या. चुकलं तर ॲसिटोनचा बोळा ठेवा, सांधा सुटतो. इपॉक्सी (दोन नळ्या कालवून लावतात तो गोंद) अशी सहजासहजी सुटत नाही, वर पिवळी पडते.

ब्राँझच्या मूर्तीवर हिरवं दिसलं की लिंबू-मीठ चोळणारे वेगळेच. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर राहू द्या. पुसल्यावर पुन्हा उगवणारी फिकट हिरवी भुकटी मात्र क्लोराइडची करणी, आणि मीठ (तेही क्लोराइडच) म्हणजे तिलाच खुराक. अशी मूर्ती कोरड्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात, ३५ टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

संगमरवराला व्हिनेगर नको, झिलई जाते.

सोन्याचा वर्ख लावलेल्या लाकडी चौकटीवर ओला फडका फिरवू नका. वर्खाखालचा खडू-सरसाचा थर पाण्याने फुगून सुटतो. उघड्या पडलेल्या जागी बाजारातला सोनेरी रंगही नको. त्यातली पितळेची पूड काही वर्षांत काळवंडते.