लहान बोअरची ठासणीची रायफल: परवान्यापासून चिंधीपर्यंत

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक म्हटलं की ठाण्या-नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांना आठवते ती कोकणातली, पिकाच्या राखणीसाठी आजोबांच्या नावावर असलेली. ती बहुधा गुळगुळीत नळीची आणि मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) असते. इथे विषय आहे आतून आटे (वळत जाणाऱ्या खाचा) पाडलेल्या, .32 किंवा .36 इंच बोअरच्या रायफलीचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया-केंटकीकडे अशा रायफलींनी खारीसारखी बारीक शिकार करत. दारू आणि शिसं थोडंच लागतं, धक्का जवळजवळ बसत नाही. मात्र नळी जितकी बारीक तितकं मोजमाप काटेकोर हवं.

आधी कागद

आपल्याकडे अशी रायफल क्वचितच विकायला येते. मिळाली तरी 1959 चा शस्त्र कायदा तिला लागू आहे, म्हणजे परवाना आधी आणि रायफल नंतर. वय 21 पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-1 मध्ये असतो, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ठाणे, कल्याण, भिवंडीत राहणाऱ्यांनी ठाणे पोलीस आयुक्तालयात जायचं. वाशी, पनवेल, उरणवाल्यांनी नवी मुंबई आयुक्तालयात. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय आहे.

वारशाने येणाऱ्या बंदुकीत हमखास होणारी चूक अशी: परवानाधारक वारल्यावर ती कपाटावर तशीच पडून राहते. त्या दिवसापासून ती बेकायदा ताब्यात असते. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाने अर्ज करावा. धारक हयात असून सत्तरीला पोचला असेल, किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार तो हयातीतच वारसाच्या नावे ती देण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. हा मार्ग फार सोपा पडतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, त्यामुळे आधीच्या मोजून घ्या.

दारू आणि टोप्या (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या) परवान्यावर नोंदलेल्या प्रमाणातच, परवानाधारक दुकानातून घ्यायच्या. दिवाळीच्या फटाक्यांतली दारू किंवा काडतुसं फोडून काढलेली बिनधुराची दारू कधीही वापरू नका, चिमूटभरसुद्धा. तिचा दाब या नळीला झेपत नाही. नळी फाटते आणि डोळा-हात जातो.

नळी भरलेली तर नाही?

जुनी बंदूक हातात आली की पहिलं काम हेच. कित्येक बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या पडून असतात आणि काळी दारू दशकांनंतरही पेटते. घोड्याखाली टोपी नाही याची खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. गज (ठासायची लांब काठी) नळीत बुडापर्यंत घालून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक निपलजवळ (टोपी बसवतात त्या बोंडाजवळ) पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच कमी पडलं तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नका, बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे द्या. बुडाचं बूच, आट्यांची झीज, घोडा अर्ध्यावर टिकतो का हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

भरणं

.32 साठी .310 इंचाची शिशाची गोल गोळी घ्या, वजन साधारण 45 ग्रेन, म्हणजे 2.9 ग्रॅम. शिसं शुद्ध आणि मऊ हवं, नखाने ओरखडा उठला पाहिजे. गोळीभोवतीची चिंधी निव्वळ सुती असावी, जाडी 0.4 मिमीच्या आसपास. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट चालतं, पण व्हर्नियरने जाडी मोजा. टेरिकॉट वितळून नळीला चिकटतं. चिंधीला मधमाशीचं मेण आणि एरंडेल लावा. खनिज तेल नको. काळ्या दारूच्या काजळीत मिसळून त्याचं डांबर होतं.

दारू बारीक दाण्याची, एफएफएफजी. 15 ग्रेनपासून सुरुवात करून तीन-तीन ग्रेनने वाढवा आणि 30 वर थांबा. बनवणाऱ्याने कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. ही मापं आकारमानाची, मापट्याने घ्यायची. दारूच्या बुधल्यातून थेट नळीत ओतू नका. आत ठिणगी उरली असेल तर अख्खा बुधला हातात फुटतो.

दारू ओता, चिंधीवर गोळी ठेवा आणि ठासा. बारीक बोअरचा लाकडी गज चटकन मोडतो आणि त्याचं टोक तळहातात घुसतं. म्हणून गज तोंडापासून वीतभर वरच धरायचा आणि छोट्या छोट्या दाबांनी खाली न्यायचा. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. पहिल्यांदा नीट भरल्यावर गजावर खूण करून ठेवा. पुढे दर वेळी तिथपर्यंत पोचतोय का बघा. टोपी सगळ्यात शेवटी, निशाणाकडे तोंड करूनच. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे.

चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबा. दारू घालायलाच विसरला असाल तर निपल काढून मागून तीन-चार ग्रेन दारू सरकवा, निपल बसवा, गोळी गजाने पुन्हा खाली दाबा आणि उडवा.

प्रत्येक बार उडवल्यावर किंचित ओलसर चिंधी, मग कोरडी चिंधी नळीतून फिरवा. मोठ्या बोअरला चार-पाच बार तसेच चालतात. .32 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच गोळी काजळीत अडकते.

चिंध्या वाचा

सुरुवातीला 25 मीटरवर निशाण लावा आणि रेंजवाल्यांची परवानगी घेऊन उडालेल्या चिंध्या गोळा करा. कडा विरल्या असतील तर ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. सरळ चिरा दिसल्या तर आट्यांची किंवा तोंडाची धार चिंधी कापते आहे. गोळ्या फाकताहेत म्हणून दारू वाढवण्याआधी चिंधी बदलून बघा.

नेमबाजी फक्त परवानाधारक रेंजवर, तीही काळी दारू चालते का हे लेखी विचारूनच. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. येऊरचं जंगल, कर्नाळा आणि ऐरोलीलगतचं फ्लेमिंगो अभयारण्य इथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणंही गुन्हा आहे.

त्याच दिवशी धुणं

काळ्या दारूची राख दमट हवा ओढून घेते, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत रात्रभरात नळी तांबूस होते. निपल काढा, कोमट साबणपाण्याने चिंधी पांढरी निघेपर्यंत धुवा, पूर्ण कोरडी करून तेल लावा. दुसऱ्या दिवशी चिंधी फिरवून गंज दिसतो का बघा, पावसाळ्यात आठवड्याने पुन्हा. पुढच्या वेळी रेंजवर भरण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढा आणि निशाणाकडे तोंड करून दोन नुसत्या टोप्या उडवा. निपलमध्ये तेल राहिलं तर पहिलाच बार फसतो.