पीसी चालू होत नाहीये? नवीन पार्ट आणायच्या आधी या चुका टाळा

मी ऐरोलीला राहतो, खाडी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पाऊस सुरू झाला की आमच्या बिल्डिंगमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या, भिंतींना ओल आणि मला फोन. "अरे पीसी चालूच होत नाहीये, एसएमपीएस उडालाय बहुतेक." (एसएमपीएस म्हणजे घरातली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा.) गंमत म्हणजे काय बिघडलंय हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, मला फक्त शिक्का मारायला बोलावतात.

हसायचा अधिकार मला नाही खरं तर. माझा पहिला पीसी बंद पडला तेव्हा मीही हेच केलं होतं. बटन दाबलं की पंखे फिरायचे आणि चार-पाच सेकंदांत सगळं गपगार. एसएमपीएसच गेला असं ठरवून भर पावसात ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, मग वेस्टर्न पकडून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरून ४५० वॅटचा नवीन एसएमपीएस. घरी येऊन लावला तर परत चार-पाच सेकंदांत बंद. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की कॅबिनेटचं पॉवर बटन आत अडकून बसलं होतं, ते सुटतच नव्हतं, आणि बटन चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी जबरदस्तीने बंद होतो हे तर आपण हँग झाल्यावर स्वतःच करतो की. म्हणजे पीसी बिचारा सांगितलेलं ऐकत होता.

तेव्हापासून सवय लागली, आधी बटनच बाजूला काढायचं. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मोठ्या बोर्डाच्या, खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटच्या बारीक वायरी जातात, त्यातला पॉवर स्विच लिहिलेला छोटा कनेक्टर काढायचा आणि त्याच्याखालच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. चालू झाला तर खर्च शून्य. कुठल्या दोन पिना ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा, अंदाजाने भलत्या पिना जोडू नका.

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. काहीच हालचाल नाही, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, चालू होऊन लगेच बंद, आणि कंपनीचा लोगो येतो पण विंडोज येत नाही, हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि आपण सगळ्यांना एकच नाव देतो. गाडी कुठल्या स्टेशनला अडकलीय ते आधी बघा. लोगो आला म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, एसएमपीएस निदान तिथपर्यंत तरी पोचले, मग शोध डिस्कच्या बाजूला घ्यायचा. पंखाही हलत नसेल तर रॅम पुसून काय मिळणार?

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा किस्सा सांगतो. दिवाळीची साफसफाई झाली, दुसऱ्या दिवशी फोन, "अरे ये ना जरा, कॉम्प्युटर मेलाय बघ." गेलो तर पंखे फिरतायत, कीबोर्डचा लाईट लागतोय, मॉनिटरवर नो सिग्नल. मी म्हटलं, "काकू, मागच्या वायरी तुम्ही काढल्या होत्या का?" तर म्हणाल्या, "मग धूळ कशी पुसणार रे?" एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डऐवजी वर मदरबोर्डच्या पोर्टला लावली होती. त्यांच्या मुलाचा प्रोसेसर इंटेलचा शेवटी एफ असलेला, त्यात ग्राफिक्स नसतंच, मग त्या पोर्टमधून चित्र येणार कुठून. केबल खाली लावली, चहा घेतला, आलो.

मदरबोर्डचा लाईट लागतोय म्हणजे एसएमपीएस ठीक, असं नाही

हे मला आठवड्याला एकदा तरी ऐकायला मिळतं. एसएमपीएसमध्ये ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाईन असते, जांभळी वायर, ती मेन स्विच चालू असला की कायम जिवंत असते आणि तो लाईट तिच्यावर लागतो. १२ व्होल्टची लाईन मेलेली असली तरी तो लागू शकतो.

एसएमपीएस बघायची रीत अशी. सगळे कनेक्टर काढायचे, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी हे दोन जेमक्लिपने जोडायचे, मग मागचा स्विच ऑन. आधी क्लिप, नंतर करंट, उलटं नको. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, १६ नंबरची पिन मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पंखा फिरला तर तो निदान उठतोय. नाही फिरला तरी लगेच कचऱ्यात टाकू नका, कारण हल्लीच्या काही एसएमपीएसचा पंखा लोड आल्याशिवाय फिरतच नाही. म्हणून मल्टिमीटर बरा. डीसी २० व्होल्टवर ठेवून पिवळी आणि काळी यात ११.४ ते १२.६ च्या मध्ये दिसायला हवं, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. आणि हे आकडे बरोबर आले तरी पूर्ण पास धरू नका, लोडवर बसणारा एसएमपीएस रिकामा असताना मस्त आकडे दाखवतो. गेम उघडला की पीसी बंद, असं असेल तर संशय तिथेच ठेवा.

एक मात्र हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो २३० व्होल्टपेक्षा जास्त असू शकतो. आत झुरळ मेलंय का बघायचं असेल तर जाळीतून टॉर्च मारा.

रॅम

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, यात मला सगळ्यात जास्त वेळा रॅमच सापडते. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, पुसट दिसतात बघा. प्लग काढा, पॉवर बटन दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मग रॅम काढा. पांढऱ्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायची, पण पुसायची स्लॉटपासून लांब, तो रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवीन दुखणं. पाण्याचा फडका नको, परफ्यूम नको (हो, एकाने मारला होता), आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम.

मग रॅमची एकच काडी लावून बघा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये, चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा. टक् आवाज येईपर्यंत दाबा. नाही आलं तर दुसरी काडी, मग दुसरा स्लॉट. लोक काय करतात, रॅम पुसतात, ग्राफिक्स कार्ड काढतात, बॅटरी बदलतात, सगळं एका दमात, पीसी चालू होतो आणि मग कशामुळे झाला ते देवालाच ठाऊक. एका वेळी एकच गोष्ट बदला.

डीडीआर५ (नवीन पिढीची रॅम) वाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, नवीन रॅम लावल्यावर किंवा बायोस (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) रिसेट केल्यावर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, स्क्रीन काळी राहते, कधी कधी काही मिनिटं सुद्धा. घाबरून मध्येच बंद करत बसलात तर ते परत पहिल्यापासून सुरू होतं.

बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार छोटे लाईट असतील तर ते बघा ना राव, फुकटचं निदान आहे, ज्याच्यावर अडकून राहील तिथे शोधा. फक्त सीपीयूचा लाईट म्हणजे प्रोसेसर गेलाच असं नाही, वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनचा कनेक्टर बसलेला नसला तरी तोच लागतो. जुन्या बोर्डाला छोटा स्पीकर लावून बीप ऐका, पण बीपचा अर्थ प्रत्येक बायोसला वेगळा, आपल्याच बोर्डाचा तक्ता बघा.

बायोसची बॅटरी आणि फॉरमॅटची घाई

घड्याळ रोज मागे जातंय? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटनासारखा सेल बदला, नवा ३ व्होल्टचा असतो. पण सेल काढला की बायोसचं सेटिंग मूळ जागी जातं, आणि त्यात साटाचा मोड (डिस्क कशी जोडायची ते) किंवा बूट मोड (विंडोज कसं सुरू करायचं ते) बदलला की डिस्क धडधाकट असूनही विंडोज येत नाही. इथे लोक डिस्क गेली समजून फॉरमॅट मारतात, सगळे फोटो गेले. आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. विंडोज ११ असेल तर असल्या बदलानंतर पीसी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, मागू शकतो, म्हणून ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून आधीच कागदावर उतरवून ठेवा.

प्रोसेसर क्वचितच जातो, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा. एएमडीच्या रायझनचा एएम४ सॉकेटवाला असेल तर कूलर (प्रोसेसरवरचा पंखा) थंड असताना सरळ वर ओढू नका, दोघांमधली थर्मल पेस्ट घट्ट झालेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवता येत असेल तर गरम करून घ्या आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

एवढं सगळं करून उरला मदरबोर्ड, तर त्याचं निदान घरी पक्कं होत नाही, दुसरे चालू पार्ट लावून बघावंच लागतं. दुकानात दिलात तर "दादा, कुठला पार्ट लावून चालू झाला ते माझ्यासमोर दाखवा" एवढं म्हणा आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या. आणि ऐरोलीत असाल तर माझा तो लॅमिंग्टन रोडवाला ४५० वॅटचा एसएमपीएस आहेच, टेस्टिंगसाठी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरतो, सध्या बी विंगमध्ये कोणाकडे तरी आहे.