संवादाला देहबोलीची जोड देताना
अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेमचे (ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो) संवाद आधी मोठ्याने वाचून पक्के करावेत आणि आवाज ध्वनिमुद्रित झाल्यावरच अ‍ॅनिमेशनला हात घालावा. २०१५ च्या ‘द विचर ३’ या अशाच गेममध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या गेम बनवणाऱ्या स्टुडिओने संवादप्रसंगांचा कच्चा आराखडा संगणकाकडून करून घेतला आणि मग कॅमेरा, नजर व हातवारे माणसांनी सुधारले; शेकडो प्रसंगांच्या गेमसाठी मला हाच मार्ग व्यवहार्य वाटतो.

समजा, जखमी सरदार म्हणतो, ‘दार उघडू नकोस.’ आधी त्याचे डोळे दाराकडे वळावेत, मागोमाग मान, शेवटी खांदे. आणि ‘नकोस’ उच्चारण्याच्या दोन-तीन फ्रेम (अ‍ॅनिमेशनमधली एकेक स्थिर चित्रे) आधीच हात उचलला जावा. बोलून झाल्यावर त्याचा पुतळा होऊ देऊ नये: खेळाडू उत्तर निवडेपर्यंत श्वास आणि पापण्यांची उघडझाप सुरू राहील, असे सांधा न जाणवणारे आवर्तन जोडावे.