कुंडीत सडणारी रास्ना कशी वाचवली (माझा अनुभव)

आमच्या किनवटकडं मामाच्या बांधावरचा जुना आंबा वादळात पडला, त्याच्या फांदीला रास्नेचं एक रोप चिकटलेलं होतं, वांडा टेसेलाटा म्हणतात ते ऑर्किड, ते मी घरी आणलं आणि मातीच्या कुंडीत लावलं. तिथंच चुकलं. पंधरा दिवसात मुळ्या काळ्या पडून चिखलासारख्या मऊ झाल्या, हात लावला की साल निघून नुसता दोरा राहायचा.

ही झाडावर राहणारी, पण बांडगुळासारखी झाडाचा रस नाही पीत, मुळ्या हवेत उघड्या राहूनच पावसा-दवाचं पाणी धरतात. मग सडकं सगळं कापलं, दोन दिवस सावलीत कोरडं ठेवलं अन् आंब्याच्याच खडबडीत सालीच्या ओंडक्यावर काथ्यानं बांधून कडुलिंबाच्या सावलीत टांगलं. बोअरच्या पाण्यानं मुळ्यांवर पांढरा थर यायचा म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी मारायलो, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. मूळ कोरडं असलं की पांढरं, भिजलं की हिरवं, तेवढं बघूनच पाणी द्यायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात फुललं, पिवळट-तपकिरी जाळीच्या पाकळ्या, मधली जिभेसारखी पाकळी निळसर, अन् वास तर लई गोड! औषधाला मुळ्या वापरतात म्हणून लोक जिवंत झाडावरून ओरबाडतात, तसं करू नका, पडलेल्या फांदीवरचंच उचला.